डीप फ्लॅपच्या आधी लावलेलं घर: राजेंद्रनगरमधली एक केस

मी फिजिओथेरपिस्ट आहे, इंदूरमध्येच प्रॅक्टिस करते. ब्रेस्टच्या ऑपरेशनवाल्या बायका माझ्याकडे येतात त्या बहुतेक ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने झाल्यावर, म्हणजे खांदा पार अडकला, हात वर जाईना, केस विंचरता येईनात असं झालं की मग. ऑपरेशनच्या आधी कुणी येतच नाही. ह्या केसमधल्या ताईंचं कॅन्सरमुळे स्तन काढून पोटाच्या कातडी-चरबीने नवीन स्तन बनवायचं ऑपरेशन (डीप फ्लॅप) व्हायचं होतं, त्या आधी आल्या, त्यांच्या सर्जननीच पाठवलं होतं, आणि आमच्या हातात साधारण तीन आठवडे होते. त्या तीन आठवड्यांत काय केलं आणि पुढे त्याचा काय उपयोग झाला हे सगळं लिहून ठेवतेय, कारण ह्या विषयावर आपल्या भाषेत जे वाचायला मिळतं ते ऑपरेशनपाशीच थांबतं, घरी आल्यावर सकाळी साडेसहाला काय होतं ते कुणी सांगत नाही. ताईंना विचारून लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

ताई 46 वर्षांच्या, राजेंद्रनगरला पहिल्या मजल्यावर राहतात. घरात नवरा (मी दादा म्हणते), सासूबाई म्हणजे आजी, वय 77, गुडघे दुखतात त्यामुळे जास्त उठबस नाही, आणि बारावीतली मुलगी जी सकाळी कोचिंग मग शाळा मग परत कोचिंग. दादा पीथमपूरला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. आणि ताई घरीच ब्लाऊज शिवतात, हात चांगला आहे, त्यामुळे दसरा-दिवाळी आणि मग लग्नसराई हे त्यांचे कमाईचे महिने, आणि ऑपरेशनची तारीख आली नेमकी सप्टेंबरच्या शेवटी. वर पितृपक्ष. आजींचं म्हणणं की पंधरा दिवस थांबू, पण तारीख पुढे ढकलायची नाही असं डॉक्टरांनी आजींना समोर बसवून शांतपणे समजावलं आणि आजी तयार झाल्या. मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाऊन यावं का ही चर्चाही झाली, आपल्याकडे प्रत्येक घरात होते तशी, दादा अवंतिका एक्स्प्रेसने जाऊन रिपोर्ट दाखवून आले, तिथे पण तोच सल्ला मिळाला, मग इथेच करायचं ठरलं.

आजार असा होता की डाव्या बाजूला गाठ छोटीच, पण मॅमोग्राममध्ये कॅल्शियमचे बारीक ठिपके बऱ्याच मोठ्या भागात पसरलेले, आणि बायोप्सीत ते डीसीआयएस निघालं, म्हणजे दुधाच्या नळ्यांच्या आत पसरलेला कॅन्सर. गाठ लहान असली तरी नुसती गाठ काढून भागणार नव्हतं, पूर्ण स्तन काढायला लागणार होता. प्लॅन असा ठरला की वरची कातडी ठेवून मास्टेक्टॉमी, काखेतल्या पहिल्या एक-दोन गाठी काढून तपासायच्या (सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर पसरला तर आधी ज्या लसिकाग्रंथींत जातो त्या), आणि त्याच ऑपरेशनमध्ये डीप फ्लॅपने नवीन स्तन बनवायचा. डीप म्हणजे बेंबीच्या खालची कातडी आणि चरबी तिच्या रक्तवाहिन्यांसकट काढून छातीवर नेतात आणि मायक्रोस्कोपखाली तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. आधीच्या ट्रॅम फ्लॅपमध्ये, जो 1982 मध्ये हार्टरॅम्फ यांनी मांडला, पोटाचा सरळ स्नायूच बरोबर नेत असत, डीपमध्ये स्नायू जागेवर राहतो. पण त्या स्नायूच्या आतून रक्तवाहिनी सोडवून काढावी लागते आणि एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत कातडी ओढून शिवतात, त्यामुळे पोट काही महिने पोटासारखं वागत नाही. इम्प्लांटचा पर्याय डॉक्टरांनी दिला होता, त्यात ऑपरेशन छोटं आणि उठणं-बसणं लवकर, पण ताईंना पुढे कधी बदलायला लागेल ते नको होतं. त्यांचा निर्णय त्यांनी विचार करून घेतला, मी त्यात पडले नाही.

आजींचा एक धसका होता. त्यांच्या थोरल्या बहिणीचं असंच ऑपरेशन फार वर्षांपूर्वी झालेलं, त्यांची छाती खोल गेली होती आणि हात कायमचा सुजून दगड झाला होता, ते आजींनी डोळ्यांनी बघितलंय. मी हे हसण्यावारी नेलं नाही कारण ते खरंच तसं व्हायचं. हॉलस्टेड नावाच्या अमेरिकन सर्जनने 1894 मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढत, आणि तेच ऑपरेशन पुढे पाऊणशे वर्षं जगभर चाललं. 1971 मध्ये बर्नार्ड फिशर यांनी सुरू केलेल्या चाचणीने दाखवून दिलं की एवढं कापून बाई जास्त जगत नाही, मग ते मागे पडलं. आता सेंटिनल नोडपुरतं काम झालं तर हाताला कायमची सूज येण्याचं प्रमाण साधारण 20 जणींत एक, काखेतल्या सगळ्या गाठी काढल्या तर 5 जणींत एक. आजींनी हे आकडे माझ्याकडून दोनदा वदवून घेतले आणि मग म्हणाल्या, बरं, मग कामाचं सांग.

आता मुख्य मुद्दा. ज्या बाईचं फक्त छातीचं ऑपरेशन झालंय ती पोटाच्या जोरावर पलंगावरून उठू शकते. ज्या बाईचं फक्त पोटाचं झालंय ती हातावर जोर देऊन उठते. डीपवाल्या बाईला दोन्ही बंद असतं. डाव्या हाताने रेटायचं नाही, पोटाने ओढायचं नाही, मग उरतात पाय. म्हणून पहिल्याच दिवशी मी ताईंना हातांची घडी घालून खुर्चीतून उठायला लावलं, आणि त्यांना जमलं नाही, तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरायला लागल्या. चालणं भरपूर होतं हो त्यांचं, पण मशीनवर बसून काम, त्यामुळे मांडीत ताकद कमी. तीन आठवडे रोज सकाळ-संध्याकाळ हेच, आधी उशी ठेवून उंच केलेल्या खुर्चीवरून, मग साध्या खुर्चीवरून, हात छातीवर घट्ट. दुसरं म्हणजे कुशीवर वळून उठणं, गुडघे मोडायचे, लाकडाच्या ओंडक्यासारखं सबंध अंग एकदम उजव्या कुशीवर वळवायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि पायांच्या वजनाने वर यायचं. हे ऑपरेशननंतर शिकवायला गेलं तर बाई दुखण्याने इतकी घाबरलेली असते की काही डोक्यात जात नाही. आधी शंभरदा केलेलं असलं की शरीर आपोआप करतं.

पलंग त्यांचा खूप खाली होता, पायांखाली सुताराकडून लाकडी ठोकळे बसवले. पहिले दोन आठवडे पाठ उंच आणि गुडघे वाकलेले असंच झोपायचं असतं, म्हणजे पोटाच्या टाक्यांवर ताण येत नाही, त्यासाठी पाठीमागे तक्के आणि गुडघ्यांखाली गुंडाळलेली गादी अशी सगळी मांडामांड करून ताई आधीच तीन रात्री तशा झोपून बघितल्या. उताणं झोपायची सवय नसलेल्या माणसाला हे फार जड जातं, आणि ते ऑपरेशनच्या आधी कळलेलं बरं. बाथरूममध्ये प्लास्टिकचं उंच स्टूल, हँड शॉवर, आणि कमोडच्या बाजूला उजव्या हाताला धरायला दांडी. देवघर जमिनीवर होतं, ते ह्या काळापुरतं टेबलावर घ्यावं असं मी सुचवलं, आजी पटकन हो म्हणाल्या, मलाच नवल वाटलं.

मग मी म्हटलं ताई, उद्या सकाळी उठल्यापासून तुम्ही काय काय करता ते मला करून दाखवा, मी नुसती बघत उभी राहते. ही गोष्ट मी आता प्रत्येक पेशंटकडे करते, कारण विचारलं तर बायका सांगतात की स्वयंपाक, धुणं, भांडी, बास. प्रत्यक्षात काय होतं ते बघा. साडेसहाला नर्मदेचं पाणी, ते एक दिवसाआड येतं, मोटर लावायची, आणि प्यायच्या पाण्याचा पिंप भरायचा, बादली उचलून पिंपात उलटी करायची, ती बादली भरलेली पंधरा किलो तरी असेल. मग कचऱ्याची गाडी, गाण्याचा आवाज आला की ओला डबा एका हातात सुका एका हातात, जिना उतरायचा, आणि गाडीच्या कडेला हात खांद्याच्या वर नेऊन डबा रिकामा करायचा, वजन धरून हात वर, म्हणजे नेमकं जे सहा आठवडे करायचं नाही तेच. मग कणकेचा दहा किलोचा डबा खालच्या कप्प्यातून ओढून काढायचा. कुकर भरलेला गॅसवरून उतरवायचा. धुतलेल्या चादरी गच्चीवरच्या दोरीवर टाकायच्या, दोरी दादांच्या उंचीची. माळ्यावरून अस्तराच्या कापडाचा गठ्ठा काढायचा. आजींना जमिनीवरून उठवायला हात द्यायचा, हे दिवसातून किती वेळा ते ताईंना पण माहीत नव्हतं. आणि ह्यातलं एकही काम त्यांनी मला आदल्या दिवशी सांगितलं नव्हतं.

सर्जनचं सांगणं होतं की पहिले सहा आठवडे दोन किलोच्या वर काही उचलायचं नाही. दोन किलो म्हणजे दुधाच्या लिटरच्या दोन पिशव्या. घरात सगळ्यांनी ऐकलं, सगळे म्हणाले, हो हो, तिला काही करू देणार नाही, पूर्ण आराम. मला ह्या वाक्याची भीती वाटते, मनापासून सांगते. पूर्ण आराम म्हणणारं प्रत्येक घर प्रेमानेच म्हणतं, पण काम कुणाच्या तरी हातात गेल्याशिवाय बाईच्या हातातून सुटत नाही. गाडीचं गाणं वाजलं आणि कुणीच उठलं नाही तर ती उठणारच. म्हणून आम्ही आराम हा शब्द बाजूला ठेवला आणि कामं माणसांना वाटली, आणि वाटलेली कामं ऑपरेशनच्या दहा दिवस आधीपासूनच त्या माणसांनी करायला घ्यायची, ताई घरात धडधाकट असताना. हे ह्या सगळ्या केसमधलं माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं पाऊल.

कचरा खालच्या मजल्यावरच्या भाभींनी स्वतःहून घेतला, त्या म्हणाल्या, दीदी आप बाल्टी सीढ़ी पे रख देना बस, पण आम्ही ती बादली पण मुलीकडे दिली. पाणी दादांकडे, पहाटेच्या शिफ्टच्या आठवड्यात मुलीकडे, आणि पिंपाच्या ऐवजी नळाला पाइप लावून भरायचं, बादली बंदच. पोळ्यांना दोन महिने बाई लावली. गच्चीतली दोरी काढून खोलीत खांद्याखाली येईल असा स्टँड आणला. कणीक, साखर, तांदूळ सगळं छोट्या डब्यांत, आणि ओट्यावर, म्हणजे कमरेच्या खाली नाही आणि खांद्याच्या वर नाही. आजींसाठी उंच खुर्ची, म्हणजे त्यांना उठवायला कुणी लागायला नको. दहा दिवसांत काय बिघडतं ते कळलं, मुलगी एकदा मोटर बंद करायला विसरली आणि टाकी वाहिली, पोळीवाली बाई दोन दिवस आलीच नाही, मग शेजारच्या गल्लीतल्या डब्यावाल्या काकूंशी बोलून ठेवलं. हे सगळं ताई घरी असताना झालं हे किती बरं झालं, कारण टाके घातलेले असताना टाकी वाहिली असती तर धावत कोण गेलं असतं ते सांगायला नको.

हाताची मापं घेतली ती ताईंच्याच टेपने. ऑपरेशनच्या आधी दोन्ही हातांचा घेर मनगटापासून ठराविक अंतरावर मोजून लिहून ठेवायचा असतो, पुढे सूज आली का हे ठरवायला हाच आधार, दोन हातांत दोन सेंटीमीटरच्या वर नवा फरक दिसला की बघायला लागतं. आपल्याकडे हे मोजतच नाहीत, मग नंतर बाई म्हणते हात जड वाटतो आणि आधी केवढा होता ते कुणालाच माहीत नसतं. मी टेप धरला तर ताई म्हणाल्या, अशी नाही, सैल धरताय तुम्ही, आणि स्वतः उजव्या हाताने डाव्याचं माप घेऊन दाखवलं. त्यांच्या वहीत गिऱ्हाइकांच्या मापांच्या पानांमध्येच ते पान आहे.

कपड्यांचं तर त्यांनी मलाच शिकवलं. घरी येताना अंगाला ड्रेन असतात, म्हणजे जखमेतलं पाणी-रक्त बाहेर डब्यात काढणाऱ्या नळ्या, ताईंना तीन, एक छातीला आणि दोन पोटाला. परदेशातल्या व्हिडिओत हातात मावेल एवढा छोटा बल्ब दाखवतात, आपल्याकडे बहुतेक मिळतो तो घड्या-घड्यांचा दाबून बसवायचा गोल डबा, तो भरला की चांगला जड होतो आणि नळी ओढली गेली की जीव जातो. ताईंनी जुन्या मलमलच्या साड्यांचे पुढून उघडणारे सैल झगे शिवले, हात वर न करता घालता येतील असे मोठ्या मुंढ्यांचे, आणि आतल्या बाजूने कमरेच्या उंचीवर तीन खिसे, खिशाला वरून पट्टी म्हणजे डबा उलटत नाही, आणि नळी बाहेर यायला कडेला काजाएवढी फट. नमुन्याला त्यांनी माझ्याकडून रिकामा डबा मागवून घेतला आणि त्यात पाणी भरून अंगावर लावून चालून बघितलं. चार शिवले. आंघोळीच्या वेळी ड्रेन अडकवायला गळ्यातली रुंद पट्टी पण केली. काखेत ठेवायची लहान उशी आणि गाडीत पट्ट्याच्या खाली छातीवर धरायची उशी कापसाची, हलकी. गिऱ्हाइकांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की दिवाळीची शिलाई ह्या वर्षी नाही. पैशाचं नुकसान झालं, ते खरं आहे, आणि घरात त्याची चर्चा आधीच उघड झाली त्यामुळे नंतर ताईंना मशीनकडे बघून जीव तुटला नाही असं त्या म्हणतात.

इन्शुरन्सचं थोडक्यात. कॅशलेसच्या टेबलावर पहिल्यांदा सांगितलं गेलं की रिकन्स्ट्रक्शन (म्हणजे नवीन स्तन बनवणं) कॉस्मेटिक आहे, बसणार नाही. घाबरायचं नाही. कॉस्मेटिक सर्जरी वगळण्याचं जे ठरलेलं कलम पॉलिसीत असतं त्यातच लिहिलेलं असतं की अपघात, भाजणं किंवा कॅन्सरनंतरची रिकन्स्ट्रक्शन ह्याला अपवाद आहे. दादांनी त्या पानाची झेरॉक्स आणि सर्जनचं पत्र दोन्ही जोडलं, मंजुरी आली. हे ॲडमिशनच्या दिवशी नाही, आधी करायचं.

दादांची सिगरेट हा अजून एक मुद्दा. गॅलरीत ओढतो म्हणत होते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि डीपमध्ये सगळी मदार त्या दोन-तीन मिलीमीटरच्या रक्तवाहिन्यांवर, म्हणून पेशंटने तर निदान चार आठवडे आधीपासून तंबाखूच्या कुठल्याही प्रकाराला शिवायचंच नाही, आणि घरात धूर पण नको. दादांनी बंद केली. मी विचारलं नाही कशी केली, पण केली.

हॉस्पिटलमधलं जास्त लिहीत नाही. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते संध्याकाळपर्यंत चाललं, ह्या ऑपरेशनला तेवढा वेळ लागतोच हे आजींना आधी सांगून ठेवलं होतं म्हणून घरी घबराट झाली नाही. पहिल्या दोन रात्री नर्स तासातासाला येऊन नव्या स्तनाचा रंग बघते, हात लावून गरम आहे का बघते, डॉप्लर लावून रक्तप्रवाहाचा आवाज ऐकते, रूम मुद्दाम गरम ठेवतात. जोडलेल्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तर लगेच परत थिएटरला न्यायला लागतं म्हणून हा पहारा, जिथे हे ऑपरेशन नियमित होतं तिथे 95 टक्क्यांहून जास्त फ्लॅप टिकतात. लघवी एक-दोन दिवस हिरवट-निळी होते, काखेतली सेंटिनल नोड शोधायला स्तनात टोचलेल्या निळ्या डायमुळे, हे पण आधी सांगावं. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसवलं तेव्हा सिस्टर दोन जणी धरायला आल्या आणि ताईंनी हात छातीवर बांधून गुडघ्यांच्या जोरावर स्वतः उठून दाखवलं, मी समोर होते. मला त्या क्षणी झालेला आनंद लिहून सांगता येणार नाही. काखेतल्या गाठी स्वच्छ निघाल्या, पुढे रेडिएशन लागलं नाही, गोळी सुरू झाली.

घरी आल्यावर दोन आठवडे कमरेत वाकूनच चालायचं असतं, पोट ताठ उभं राहू देत नाही. त्याने पाठ भयंकर दुखते, टाक्यांपेक्षा पाठच जास्त असं ताई म्हणायच्या. आजींनी मायेने गरम पाण्याची पिशवी काढली. इथे मात्र मी कडक बोलले. नवीन स्तनाला आणि पोटाच्या पुढच्या भागाला संवेदना नसते, कातडी भाजली तरी कळत नाही, आणि शेकण्याने भाजल्याच्या केसेस खरंच होतात. पिशवी घरातून भाभींकडे ठेवायला दिली. पाठीला हलक्या हाताने चोळणं, टेकून बसणं आणि तासाला एकदा हॉलमध्ये फेरी. फेरी पायात गुठळी होऊ नये म्हणून पण असते. दुखण्याच्या गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथायचं तर नाहीच, त्यामुळे रात्री इसबगोल आणि पाणी. जेवणात डाळ, पनीर, दही, सोयाबीन, अंडी त्यांच्याकडे चालतात ती. नवरात्रीचे उपास ह्या वर्षी मुलीने धरले, आजींनीच सांगितलं तसं, कारण साबुदाण्याच्या खिचडीवर जखम भरत नाही.

ड्रेनची वही आजींकडे. मला वाटलं होतं दादा करतील, पण दादांना रक्त बघून गरगरतं, ते डबा रिकामा करताना तोंड फिरवायचे, मग आजी चष्मा लावून मापाच्या भांड्यात किती आलं ते वाचायच्या आणि लिहायच्या, सकाळ, रात्र, छाती, पोट डावं, पोट उजवं. चोवीस तासांत 30 मिलीच्या खाली सलग दोन दिवस आलं की ड्रेन काढतात असं सर्जनने सांगितलेलं, त्यामुळे आजींचं सगळं लक्ष तिथे. छातीचा आठवड्यात निघाला. पोटाचा उजवा 40 वरून 35, 30 असा उतरत होता आणि एके दिवशी एकदम 75. रंग पण लालसर. आजींनीच मला फोन केला.

काय झालं होतं, तर भेटायला माणसं आली होती. दादांचे मावसभाऊ, त्यांची बायको, अजून दोघं, कचोरी घेऊन. मुलगी कोचिंगला, दादा ड्यूटीवर, पोळीवाली निघून गेलेली. आणि ताई उठल्या, मोठं पातेलं काढलं, पाच-सहा कप चहा ठेवला, ट्रे उचलून बाहेर आणला, मग कप आत नेले. पाणी वाटलेलं होतं, कचरा वाटलेला होता, चहा कुणालाच वाटलेला नव्हता, कारण चहा हे काम आहे असं घरात कुणालाच वाटत नाही, ताईंनाही नाही. येणाऱ्यांनी पण नको नको म्हटलं असेल, पण आपल्याकडे नको म्हटल्यावर थांबतं कोण. सर्जनला फोटो पाठवला, ताप नव्हता, पोट फुगलं नव्हतं, त्यांनी सांगितलं आराम आणि ड्रेन अजून चार-पाच दिवस राहू द्या. संध्याकाळी आजींनी निर्णय घेतला: सकाळी मुलगी निघायच्या आधी मोठा थर्मास भरून बाहेरच्या टेबलावर, बाजूला कागदी कप, येणारा स्वतः घेईल, आणि पाचच्या आधी कुणी यायचं नाही हे आजी स्वतः फोनवर सांगतील. नात्यातल्या एक-दोघांना राग आला म्हणतात. आजींनी तो झेलला. त्यानंतर आकडा परत चढला नाही.

फ्रिजवर कागद लावला होता तो पण सांगते, कारण तो प्रत्येक घरी हवा: नवीन स्तन एकदम निळा-जांभळा किंवा पांढराफटक, थंड पडला किंवा टम्म फुगला, ताप 100.4 च्या वर, ड्रेनमध्ये अचानक भरभरून लाल रक्त, पोटरी एका बाजूची सुजून दुखायला लागली, धाप लागली, तर वाट बघायची नाही, सर्जनचा नंबर खाली, लागला नाही तर सरळ इमर्जन्सी.

हाताचे व्यायाम पहिल्या आठवड्यापासून होते, पण खांद्याच्या खालीच, मूठ उघडमीट, कोपर वाकवणं, खांदे मागे फिरवणं. ड्रेन निघून सर्जनने हो म्हटल्यावर भिंतीवर बोटं चढवत नेणं सुरू केलं. चौथ्या आठवड्याच्या सुमाराला ताई घाबरून आल्या की काखेतून कोपरापर्यंत दोरी ताणल्यासारखी दिसतेय, शीर तुटली का. ती शीर नव्हे, कॉर्डिंग म्हणतात त्याला, काखेत काम झालं की बऱ्याच जणींना होतं, हात बाजूला पसरला की कातडीखाली ताणलेली दिसते आणि दुखते. हात हलवायचा बंद केला तर उलट खांदा अडकतो. हळूहळू ताणणं आणि हाताने मोकळं करणं, काही आठवड्यांत गेली.

दिवाळीला सहा आठवडे पण झाले नव्हते. चकल्या विकतच्या, सोऱ्या माळ्यावरच राहिला. सोऱ्या दाबणं म्हणजे छाती आणि पोट दोन्हींवर जोर, आणि कणीक मळण्याचं पण तसंच, हे मी मुद्दाम दोनदा सांगितलं होतं. लाडू आजींनी बसल्या बसल्या वळले. ॲक्टिव्हा दोन महिन्यांनी, ती पण आधी उभ्या गाडीवर अचानक ब्रेक दाबून आणि हँडल पूर्ण वळवून दुखत नाही हे बघून मगच, कारण इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये एका हाताने सावरता येत नाही. मशीनवर त्या आठव्या आठवड्यात बसल्या, आधी अर्धा तास. कापडाची मोठी कात्री जड असते पण ती उजव्या हातात, त्रास झाला तो डाव्या हाताने कापड पुढे सरकवताना, म्हणून कटिंगचं टेबल चार बोटं खाली केलं.

तीन महिन्यांनी डावा हात जवळजवळ उजव्याएवढा वर जातोय, हातांच्या घेरात फरक अर्ध्या सेंटीमीटरच्या आत. काखेच्या मागचा आणि दंडाच्या आतला भाग बधिर आहे, तो थोडा परत येईल, सगळा येईलच असं नाही, आणि नवीन स्तनाला पूर्वीसारखं जाणवणार नाही हे ताईंना आधीपासून माहीत होतं. पोटावरची रेघ अजून लाल आहे, ती फिकी व्हायला वर्षभर जातं. पुढे निपल बनवण्याचं आणि दोन्ही बाजू सारख्या करण्याचं छोटं ऑपरेशन आहे, ते लग्नसराई आटोपल्यावर, मे महिन्याच्या शेवटी करायचं ठरलंय. पोळीवालीला त्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय. कचरा अजूनही मुलगीच नेते, आणि पाण्याची बादली घरात परत आलेली नाही.